एक शिलिंग दीड पेनी: व्हिक्टोरियन काळातली 'पेटंट' औषधं आणि त्यांच्या जाहिराती

जुनेकागद (धागाकर्ता)

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं कुठलंही इंग्रजी वर्तमानपत्र उघडा, औषधांच्या जाहिराती असणारच. आणि किंमत बघा: १ शिलिंग दीड पेनी. मोठी डबी २ शिलिंग ९ पेनी. त्याहून मोठी ४ शिलिंग ६ पेनी. पोट साफ करणाऱ्या गोळ्या असोत, जखमेचं मलम असो नाहीतर तान्ह्या बाळाला पाजायचं सरबत असो, आकडे हेच. एकमेकांशी उभा दावा असलेल्या कंपन्यांनी अशी तिरपागडी किंमत एकमताने का ठरवावी?

कारण कराची पट्टी. गुप्त किंवा मालकी हक्काच्या औषधांवर मुद्रांक शुल्क होतं. १८१२ च्या कायद्यानुसार १ शिलिंगपर्यंतच्या मालाला दीड पेनी, अडीच शिलिंगपर्यंत ३ पेनी, ४ शिलिंगपर्यंत ६ पेनी, १० शिलिंगपर्यंत १ शिलिंग आणि २० शिलिंगपर्यंत २ शिलिंग. एक पेनीनेही पायरी ओलांडली की शुल्क एकदम वर जायचं. मग प्रत्येक जण पायरीच्या अगदी काठावर किंमत धरायचा आणि वर शुल्क चढवायचा. शिलिंगाचे पेनी १२, म्हणून २ शिलिंग ६ पेनी अधिक ३ पेनी म्हणजे २ शिलिंग ९ पेनी. तसेच ११ शिलिंग आणि २२ शिलिंग.

हे शुल्क म्हणजे छापील कागदी पट्टी. डबीच्या किंवा बाटलीच्या तोंडावर ती अशी चिकटवायची की ती फाडल्याशिवाय झाकण उघडता येऊ नये. मोठे उत्पादक पट्टीवर स्वतःचं नावही कोरून घ्यायचे. आणि जाहिरातीत लिहायचे: सरकारी मुद्रांकावर आमचं नाव नसेल तर माल नकली समजावा. गिऱ्हाइकाला वाटायचं, औषध सरकारने तपासलंय. प्रत्यक्षात सरकारने फक्त कर घेतलेला असायचा. 'यात सरकारची कोणतीही हमी नाही' असे शब्द मुद्रांकावर पुढे छापावे लागले, ते याच गैरसमजापायी.

'पेटंट' हा शब्दही फसवा. खरं पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती सगळ्यांची होते. म्हणून यातल्या बहुतेकांनी पेटंट घेतलंच नाही. कृती गुप्त ठेवली आणि नाव, वेष्टन, सही जपली.

या धाग्यावर एकेका औषधात नेमकं काय होतं, ते कसं बनायचं आणि कसं खपवलं जायचं हे जमवू या. एक विनंती: 'तेव्हाची माणसं भोळी होती' एवढ्यावर थांबू नका. ती भोळी नव्हती. डबीत काय आहे हे कळायची सोयच त्यांना ठेवलेली नव्हती.

खलबत्ता

उत्तम धागा. सुरुवात बीचम्स पिल्सपासून करतो, कारण त्यांचं पृथक्करण उपलब्ध आहे. थॉमस बीचम १८५९ पासून सेंट हेलेन्सला गोळ्या विकत होते. जाहिरातीतली ओळ होती, 'डबीचं मोल एक गिनी', म्हणजे २१ शिलिंग. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली गुप्त औषधांचं पृथक्करण पुस्तकरूपाने छापलं. त्यात एका गोळीत निघालं ते असं: काळा बोळ ०.५ ग्रेन, सुंठपूड ०.५५ ग्रेन, साबणाची पूड ०.१८ ग्रेन. संपलं.

१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. डबीत ५६ गोळ्या. म्हणजे अख्ख्या डबीत काळा बोळ १.८ ग्रॅम, सुंठ २ ग्रॅम, साबण पाऊण ग्रॅमहूनही कमी. पुस्तकात मालाची किंमत दिली आहे अर्धा फार्दिंग. एका पेनीचे ४ फार्दिंग, तेव्हा साडेतेरा पेनीचे ५४. मालाच्या १०८ पट किंमत. शुल्काची दीड पेनी वजा केली तरी ९६ पट.

काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या पानातला पिवळा कडू रस आटवून केलेला खडा. आतला पांढरा गर नव्हे, ही गल्लत नेहमी होते. त्यातलं रेचक द्रव्य लहान आतड्यात तसंच पुढे जातं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी ते फोडलं की काम सुरू. म्हणून रात्री गोळी घेतली की सकाळी परिणाम, मधे ८ ते १२ तास. पोटात मुरडा येतो, त्यावर सुंठ. साबण दोन कामांसाठी: लगदा बांधून येतो आणि गोळी पोटात लवकर विरघळते.

गोळी वळायची रीत अशी. खलात पूड एकजीव करायची, थेंबाथेंबाने ओलावा देत घट्ट कणकेसारखा लगदा मळायचा. फळीवर त्याची सारख्या जाडीची लांब वळी करायची. ती पितळी खाचांच्या पाटावर ठेवून वरून तसाच खाचांचा दांडा फिरवला की एका दमात २४ तुकडे पडायचे. मग लाकडी चकतीखाली गोल फिरवून आकार द्यायचा. बिघडायचं ते मळण्यात. लगदा कोरडा राहिला तर वळीला भेगा पडून गोळ्या फुटतात. ओला राहिला तर डबीत बसून चपट्या होतात, एकमेकींना चिकटतात. फार वाळवल्या तर टणक होऊन न विरघळताच बाहेर पडतात. बीचमच्या कारखान्यात हे सगळं यंत्रावर गेलं, तत्त्व तेच.

निवांतवाचक

खलबत्ता, माहितीबद्दल आभार. पण काळा बोळ नि सुंठ कुठल्याही औषधवाल्याकडे मिळत असणार. मग लोक इतकी वर्षं १०८ पट पैसे का मोजत होते?

खलबत्ता

प्रश्न रास्त आहे. पहिलं कारण, गोळी घेतली की काहीतरी घडायचं. रात्री घेतली, सकाळी पोट साफ. ज्या औषधाचा परिणाम डोळ्यांना दिसतो त्यावर विश्वास बसतो, मग तक्रार डोकेदुखीची असो की चक्कर येण्याची.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्या काळचे डॉक्टर काय देत होते? कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्लोराइड. त्याने तोंडाला लाळ सुटायची, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. त्यात शीर तोडून रक्त काढणं. आणि फी वेगळी. अशा वेळी 'संपूर्ण वनस्पतिजन्य, पारा नाही' असं लिहिलेली डबी सौम्यच वाटणार, आणि बीचमची खरोखर त्या मानाने सौम्य होती.

सगळ्या तशा नव्हत्या. जेम्स मॉरिसनच्या 'व्हेजिटेबल युनिव्हर्सल' गोळ्या १८२५ पासून विकल्या जात. त्यात काळ्या बोळाबरोबर गॅम्बोज नावाचा पिवळा, जहाल रेचक डिंक होता. मॉरिसनचं म्हणणं, सगळे रोग रक्तातल्या घाणीचे, तेव्हा गुण येईना तर गोळ्या वाढवा. या सूचनेत थांबायची जागाच नाही. जुलाबाने माणूस खचत गेला तरी उत्तर एकच, अजून गोळ्या. लोक मेले यातून.

जुनेकागद

जाहिरातीच्या जोराबद्दल थोडी भर. थॉमस हॉलोवेने १८३७ मध्ये मलम काढलं, मागोमाग गोळ्या. १८४२ साली त्याचा जाहिरातीवरचा खर्च ५,००० पौंड होता. १८८३ साली तो वारला तेव्हा वर्षाला ५०,००० पौंडांच्या घरात. गोळ्यांच्या वापराच्या सूचना चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातल्या बहुतेक देशी भाषांत छापलेल्या होत्या. लंडनजवळचं रॉयल हॉलोवे कॉलेज, ज्याचं उद्घाटन १८८६ साली खुद्द राणीने केलं, ते याच पैशातून उभं राहिलं.

करांचा इथेही संबंध आहे. वर्तमानपत्रातल्या प्रत्येक जाहिरातीवर वेगळा कर होता. १८३३ मध्ये तो साडेतीन शिलिंगांवरून दीड शिलिंगावर आला, १८५३ मध्ये रद्दच झाला. १८५५ मध्ये वर्तमानपत्रांवरचा मुद्रांकही गेला. पत्रं स्वस्त झाली, खप वाढला आणि पानं औषधांनी भरून गेली. जाहिरातींचं उत्पन्न एवढं मोठं की संपादक या औषधांविरुद्ध लिहायला धजायचे नाहीत. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. जिथून खरं कळायचं तीच जागा विकलेली.

शेपाबडीशेप

लहान मुलांच्या औषधांबद्दल लिहिते. या विषयातला हा सर्वांत वेदनादायक भाग.

गॉडफ्रेज कॉर्डिअल म्हणजे पाणी, काकवी, सॅसाफ्रास या सुगंधी झाडाचा वास आणि अफू. एका कंपनीचा हा माल नव्हे, प्रत्येक औषधवाला आपल्या हिशेबाने बनवायचा. त्यामुळे अफूचं प्रमाण दुकानागणिक बदलायचं. आई नेहमीचं दुकान बंद म्हणून पलीकडच्या गल्लीतून बाटली आणायची, चमचा तोच, आणि अफू कितीतरी पट.

त्याहून भयंकर गोष्ट गाळाची. द्रव घट्ट आणि काळपट, बाटलीतून आरपार दिसत नाही. ठेवून दिला की अफूचा भाग हळूहळू तळाशी बसतो. वरचे चमचे निवळ, म्हणून बाळ झोपत नाही, म्हणून आई मात्रा वाढवते. आणि बाटली संपत आली की तो वाढवलेला चमचा तळाच्या गाळातून भरला जातो. बाळाचा श्वास मंदावत जाऊन थांबतो. ढवळून द्या, एवढी सूचनासुद्धा सगळीकडे नसायची.

सगळीच मुलं अशी एकदम गेली नाहीत. अफूच्या गुंगीतलं मूल भूक लागली तरी रडत नाही, दूध मागत नाही. ते सुकत जातं. मृत्यूच्या नोंदीत 'अशक्तपणा' लिहिलं जायचं, अफू नाही.

१८४३ च्या बालकामगार चौकशी अहवालात नॉटिंगहॅमच्या एका औषधवाल्याचा आकडा आहे: वर्षभरात १३ हंड्रेडवेट काकवी, म्हणजे ६६० किलो, फक्त गॉडफ्रेसाठी. तिथल्या बायका लेस विणण्याच्या कामावर दिवसाचे १२-१४ तास बसायच्या. रडणारं मूल म्हणजे बुडालेली मजुरी. आपल्याला हे परकं नाही. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका पाळण्यातल्या मुलांना अफूची बाळागोळी द्यायच्या, तीही याच कारणाने. त्या आयांना कोणी निष्काळजी म्हणू नये. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती.

आता मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप. ही अमेरिकेतली, मेन राज्यातल्या बँगोरची, १८४९ ची. इंग्लंडमध्येही मुबलक विकली गेली. एका औंसात ६५ मिलिग्रॅम मॉर्फीन. वेष्टनावरची मात्रा: महिन्याच्या आतल्या बाळाला ६ ते १० थेंब, ३ महिन्यांच्या बाळाला अर्धा चमचा, ६ महिन्यांपुढे चमचाभर, दिवसातून ३-४ वेळा. त्या वेळचा चमचा औंसाचा आठवा भाग धरला तर एका चमच्यात ८ मिलिग्रॅम. आज तीव्र वेदनेतल्या मोठ्या माणसाला मॉर्फीनची १० मिलिग्रॅमची गोळी देतात. जाहिरातीत मात्र गोंडस बाळ, प्रसन्न आई आणि 'अनुभवी परिचारिकेची कृती'. अफूचा शब्द नाही.

निवांतवाचक

शेपाबडीशेपताई, वाचून सुन्न झालो. आपलं ग्राईप वॉटरही त्याच काळातलं ना? त्यातही अफू होती का?

शेपाबडीशेप

नाही, अफू नव्हती. विल्यम वुडवर्ड हा नॉटिंगहॅमचाच औषधवाला, १८५१ मध्ये त्याने ग्राईप वॉटर काढलं. शेपेचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि ३.६ टक्के अल्कोहोल. शेपा आपल्याकडे बाळंतिणीला देतातच, म्हणून हे इथे इतकं रुळलं असावं. ज्या शहरात गॉडफ्रे पिंपांनी खपत होतं त्याच शहरात अफूशिवायचं औषध निघालं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण बाळ शांत होण्यात गोडी आणि अल्कोहोल यांचा वाटा होताच. इंग्लंडमध्ये अल्कोहोल १९९२ मध्ये काढलं गेलं. आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाला वरचं काही लागत नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

जुनेकागद

क्लोरोडाइनशिवाय हा धागा अपुरा राहील, आणि त्याचं मूळ हिंदुस्थानात आहे. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन ब्रिटिश फौजेचा डॉक्टर. १८४८ च्या सुमारास इथे असताना त्याने पटकीवर म्हणून हे मिश्रण केलं. १८५६ पासून लंडनचा औषधवाला जॉन थिसलवुड डेव्हनपोर्ट ते बनवू लागला. आत काय? मद्यार्कात काढलेला अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क. गांजा युरोपीय औषधशास्त्रात आणला तो विल्यम ओशॉनेसीने, कलकत्त्याहून, १८३९ मध्ये. (अवांतर: इंग्लंडच्या औषधांतली अफू मात्र बहुतेक तुर्कस्तानची. हिंदुस्थानची अफू चीनला जायची.)

नक्कल लगेच सुरू झाली. फ्रीमन नावाच्या औषधवाल्याने आपणच मूळ संशोधक असल्याचं सांगितलं, दावा कोर्टात गेला. १८६४ मध्ये न्यायाधीश सर विल्यम पेज वुड यांनी सांगितलं की ब्राउनच निर्माता आणि फ्रीमनची कहाणी हेतुपुरस्सर खोटी. ते वाक्य तारखेसकट पुढची अनेक दशकं प्रत्येक जाहिरातीत छापलं गेलं. न्यायाधीशांनी ठरवलं होतं ते फक्त कोणी बनवलं एवढंच, पण वाचणाऱ्याला वाटायचं की कोर्टाने औषधच खरं ठरवलं.

खलबत्ता

क्लोरोडाइनची बाटली जवळून बघण्यासारखी आहे. क्लोरोफॉर्म पाण्याच्या जवळपास दीडपट जड आणि पाण्यात जेमतेम मिसळणारा. त्याला धरून ठेवायला अल्कोहोल आणि काकवी. मिश्रण बिघडलं की थर वेगळे होतात, आणि गॉडफ्रेत सांगितलं तोच धोका पुन्हा: शेवटची मात्रा पहिलीसारखी नसते. मात्रा थेंबांत मोजायची, आणि थेंब केवढा पडेल हे बाटलीच्या तोंडावर अवलंबून.

जुलाब थांबायचे, हे खरं. अफू आतड्यांची हालचाल मंदावते. पण पटकीत माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने. आतड्यात पाणी साचतच राहतं, फक्त बाहेर येत नाही. रोगी शांत दिसतो, घरचे निश्चिंत होतात, नाडी मात्र सुटत जाते. खोकल्यावर आणि दुखण्यावर ते खरोखर उपयोगी होतं, म्हणून सवय लागलेले लोकही हजारो.

कलम८

कायद्याच्या बाजूने. पुण्या-मुंबईच्या विधी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी जो खटला शिकवतात, तो याच जाहिरातींचा: कारलिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी, १८९३.

वस्तू अशी. रबरी चेंडू, त्याला नळीसारखं तोंड, तोंडाशी जाळी, आत कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक मिसळलेली पूड. नळी नाकाशी धरून चेंडू दाबायचा, धुरासारखी पूड नाकात जायची. नाक चुरचुरून वाहू लागायचं, आणि रोग वाहून जातोय असं सांगितलं जायचं. चेंडू १० शिलिंग, पूड पुन्हा भरून घ्यायला ५ शिलिंग. याला १८८९ चं खरं पेटंट होतं, कारण हे उपकरण होतं. शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टरने १८६५ पासून शस्त्रक्रियेत कार्बोलिक वापरलेलं, त्याचा दबदबा आयता मिळाला. त्यात १८८९-९० ची इन्फ्लूएंझाची साथ आली आणि पुढच्या हिवाळ्यांत उलटत राहिली.

नोव्हेंबर १८९१ ची जाहिरात: सूचनेप्रमाणे दिवसातून ३ वेळा, २ आठवडे वापरूनही इन्फ्लूएंझा झाला तर १०० पौंड देऊ, आणि प्रामाणिकपणाची खूण म्हणून अलायन्स बँकेत १,००० पौंड ठेवले आहेत. लुइसा कारलिल यांनी २० नोव्हेंबरला चेंडू घेतला, १७ जानेवारी १८९२ पर्यंत नेमाने वापरला आणि त्यांना इन्फ्लूएंझा झाला. कंपनी म्हणाली, ही तर नुसती जाहिरातबाजी. अपील कोर्टाचे लिंडली, बोवेन आणि स्मिथ म्हणाले, बँकेत पैसे ठेवल्याचं सांगता तेव्हा ती नुसती फुशारकी राहत नाही. सगळ्या जगाला प्रस्ताव देता येतो, आणि अट पाळणं हीच स्वीकृती. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ८ मध्ये हेच तत्त्व आधीपासून आहे.

टाचण

कलम८, छोटी दुरुस्ती. १८९३ हे निकालपत्र छापल्याचं साल. निकाल ७ डिसेंबर १८९२ चा. कारलिलबाई १९४२ साली ९६ व्या वर्षी वारल्या. डॉक्टरांनी लिहिलेलं कारण: वार्धक्य आणि इन्फ्लूएंझा. हरल्यावर कंपनीने नवी जाहिरात दिली, बक्षीस २०० पौंडांचं, पण अटी अशा बारीक की कोणाच्या हाती काही लागू नये.

बायकांच्या गोळ्यांचा विषय अजून कोणी काढलेला नाही. 'अडथळा दूर करणाऱ्या', 'अनियमितता घालवणाऱ्या' अशी त्या जाहिरातींची भाषा. गर्भपात हा गंभीर गुन्हा असल्याने उघड लिहिता येत नसे, वाचणारीला मात्र बरोबर कळायचं. बहुतेक गोळ्यांनी गर्भ पडत नसे, जुलाब मात्र व्हायचे. टपालाने मागवायच्या, म्हणजे नाव-पत्ता विक्रेत्याकडे. १८९८ मध्ये लंडनच्या तीन भावांनी अशा गिऱ्हाइकांच्याच यादीवर धमकीची पत्रं पाठवली: दोन गिनी भरा, नाहीतर फौजदारी होईल. कित्येकींनी भरले. तिघांना तुरुंगवास झाला. गोळी निकामी, आणि ती मागवल्याची भीती मात्र खरी.

शेपाबडीशेप

टाचण यांच्या मुद्द्याला जोडून. अमेरिकेत लिडिया पिंकहॅमचं 'व्हेजिटेबल कंपाउंड', मॅसॅच्युसेट्सच्या लिन गावचं, १८७५ पासून. मुळ्या, मेथीचे दाणे आणि १८ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. जाहिरात म्हणायची, डॉक्टर पुरुष आहेत, तुमचं दुखणं बाईला लिहा. बायका लिहायच्याही. पिंकहॅमबाई १८८३ मध्ये वारल्या, तरी पत्र पाठवा म्हणून आवाहन चालूच. १९०५ मध्ये लेडीज होम जर्नल या मासिकाने तिच्या थडग्याचं छायाचित्रच छापलं.

निवांतवाचक

मग हे थांबलं कसं? आणि संग्रहात तारीख नसलेलं जुनं कात्रण मिळालं तर ते कधीचं हे ओळखता येतं का?

जुनेकागद

थांबलं टप्प्याटप्प्याने. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफू विषांच्या यादीत आली, पण 'पेटंट औषधं' वगळली. १८९२ मध्ये क्लोरोडाइनच्या डेव्हनपोर्टवर खटला झाला आणि ठरलं की सूट फक्त खऱ्या पेटंटला. नुसता मुद्रांक पुरेसा नाही. बाटलीवर 'विष' लिहिणं भाग पडलं. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने अल्कोहोल, अफू, मॉर्फीन, कोकेन वगैरेंचं प्रमाण वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं. बंदी नव्हती, फक्त छापायचं होतं. त्यानंतर बाळांच्या सरबतांतलं मॉर्फीन हळूहळू निघून गेलं. आपल्याकडे असाध्य रोगांवरच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा.

कात्रणाचं म्हणाल तर आधी किंमत बघा. १ शिलिंग दीड पेनी असेल तर १९१५ च्या आधीचं धरा. त्या वर्षी युद्धामुळे शुल्क दुप्पट झालं, म्हणून किंमत १ शिलिंग ३ पेनी, मोठी डबी ३ शिलिंग, त्यापुढची ५ शिलिंग. हे शुल्क १९४१ मध्ये गेलं. मग मजकूर बघा: क्लोरोडाइनच्या जाहिरातीत न्यायाधीशांचं वाक्य असेल तर ती १८६४ नंतरचीच. इन्फ्लूएंझाचं नाव ठळक असेल तर बहुधा १८९० नंतरची. आणि शक्य असेल तर कात्रणाची मागची बाजूही स्कॅन करून टाका. तिथे बाजारभाव किंवा जहाजांच्या वेळा छापलेल्या असतात, त्यावरून कधी कधी थेट दिवस लागतो.